हनुवटी वर, ऊन डोक्यावर

सूर्याला हुकूम सोडता येत नाही, ही फोटोग्राफर जमातीची फार जुनी बोच आहे. "जरा डावीकडे सरका," असे सूर्याला सांगून पाहा. सरकतो, नाही असे नाही. पण पश्चिमेकडे आणि स्वतःच्या सवडीने. मग अंगात साठलेला हा सगळा अधिकार गाजवायचा कुणावर? समोर उभ्या असलेल्या माणसावर! हनुवटी वर. अहो, इतकी नको. खांदा पाडा. हा नाही, दुसरा. पोट आत. श्वास सोडा, पोट नका सोडू! आणि आता अगदी नैसर्गिक हसा.

ज्या माणसाला आपले दोन हात कुठे ठेवावेत हेच कळेनासे झाले आहे, त्याने नैसर्गिक हसायचे म्हणजे काय करायचे? दाढ उपटताना गाणे म्हणायला सांगण्यासारखे आहे हे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांना लवकर सुरुवात करता येईल. उघड्यावरचा फोटो बहुतेक वेळा बिघडतो तो चुकीच्या वेळेमुळे आणि चुकीच्या जागेमुळे. शिक्षा मात्र होते माणसाला. त्याची मान मोडतात, कंबर वाकवतात, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर त्याचा रंग बदलतात. हा शेवटचा प्रकार मला सहन होत नाही आणि हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला आहे. बाकीचे आपले तोंडी लावायला.

ताठरपणाला एके काळी कारण होते. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची कृती जगजाहीर झाली तेव्हा एका चित्रासाठी प्लेट मिनिटेच्या मिनिटे उघडी ठेवावी लागे. पुढे तो वेळ सेकंदांवर आला, तरी माणूस हलला की चेहऱ्याचे पिठले होई. म्हणून मागे एक लोखंडी दांडी उभी करीत आणि तिच्या चिमट्यात डोके अडकवून ठेवीत. जुन्या फोटोंतली मंडळी आपल्याकडे जी करारी नजर लावून बघतात ना, त्यातला निम्मा करारीपणा त्या चिमट्याचा आहे. पणजोबांचा हात खुर्चीच्या पाठीवर असतो तो रुबाबासाठी नव्हे, आधारासाठी. पण त्या लोकांनी एक गोष्ट केली होती. स्टुडिओला काचेचे छप्पर घालायचे, आणि तिकडे युरोपात ते शक्यतो उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे थेट ऊन न येता आभाळाचा मऊ उजेड आत उतरेल. आधी उजेडाची सोय, मग माणसाला चिमटा. आज कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेतो. चिमटा गेला, काचेचे छप्पर गेले. हुकूम तेवढे शिल्लक राहिले.

आणि ते हुकूमही ठरलेले. मॉडेल बाई असली तर तिला झाडाला टेकवायचे. आपल्या सिनेमाने झाडाचा जो काही उपयोग करून ठेवला आहे, त्यापुढे फळे, फुले आणि सावली या किरकोळ बाबी आहेत. टेकून झाले की फांदी धरायला लावायची. मग "लांब बघा." लांब काय असते? पाण्याची टाकी असते, एस.टी. स्टँड असतो. पण बाईने तिकडे असे बघायचे की जणू गेली सात वर्षे परदेशी गेलेला नवरा त्याच स्टँडवर उतरणार आहे. मग पदर उडवायचा. वारा नसतोच. म्हणून एक पोरगा पदराचे टोक धरून धावतो, सोडतो आणि चौकटीबाहेर झेप घेतो. तो पोरगा खरा कलावंत. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

हल्ली यावर 'कॅन्डिड' नावाचा उतारा निघाला आहे. म्हणजे काय, तर मॉडेलने कॅमेरा नाहीच असे समजायचे. "मॅडम, आम्ही इथे नाहीच. तुम्ही सहज चालत या. थांबा, थांबा! जास्त सहज चाललात. परत मागे जा." एकच सहजता सतरा वेळा करून घेतात. यापेक्षा तो चिमटा बरा. तो निदान आपण चिमटा असल्याचे लपवत नसे.

आता प्रकरण उन्हाचे. माझ्या पुतणीला एका साडीच्या दुकानाने जाहिरातीसाठी मॉडेल म्हणून बोलावले. मुलगी उंच, डोळे बोलके, आणि रंगाने सावळी. घरचे कुणीतरी सोबत हवे म्हणून मी गेलो. जागा ठरली होती वाईजवळच्या मेणवलीचा घाट. जागा उत्तम. कृष्णेचे पाणी, काळ्या दगडाच्या पायऱ्या, वरच्या अंगाला नाना फडणवीसांचा वाडा. सिनेमावाल्यांनी उगीच नाही ही जागा पुन्हा पुन्हा पडद्यावर आणली. सकाळी पाचला निघायचे ठरले होते. म्हणजे आठला निघालो. वाटेत मिसळ. मिसळीवर चहा. चहावर 'आता आलोच आहोत तर' म्हणून ढोल्या गणपतीचे दर्शन. घाटावर पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते, आणि महिना मेचा.

महिना मुद्दाम सांगतो. वर्षातून दोन दिवस सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. पुण्याला त्यातला पहिला दिवस साधारण १३ मे, दुपारी साडेबाराच्या सुमारास. वाई पुण्याच्या दक्षिणेला, म्हणून तिथे एखाद-दोन दिवस आधी. त्या वेळी खांब उभा केला तर त्याची सावली खांबाच्याच पायाखाली सापडते. शाळेतली मुले काठ्या रोवून हा चमत्कार बघतात आणि टाळ्या पिटतात. पण चेहऱ्याचे काय होते ते बघा. कपाळ झगमगते, नाकाचा शेंडा पेटतो, आणि डोळ्यांच्या जागी दोन विहिरी. नाकाखाली अशी सावली पडते की चांगल्या सुंदर मुलीला मिशी फुटते. त्यात खाली घाटाचा काळा दगड. खाली पांढरी वाळू किंवा निदान फिकट फरशी असती तर तिने थोडे ऊन वर, चेहऱ्याकडे परत पाठवले असते. काळा दगड जे मिळेल ते गिळून बसतो, सावकारासारखा. परत करीत नाही.

एक मात्र परत करतो, उष्णता. आणि दुकानाच्या शेठजींच्या मनातले चित्र असे की, पैठणी नेसलेली स्त्री अनवाणी घाट उतरते आहे. पुतणी पहिल्या पायरीवर अनवाणी उतरली आणि पुढच्या चार पायऱ्या तिने एवढ्या चपळाईने पार केल्या की फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, डौलात!" तव्यावर टाकलेल्या डोशाला डौलात फुगायला सांगतात का कुणी?

माझ्या हातात थर्माकोलचा एक मोठा तुकडा देण्यात आला. "काका, जरा धरा. वर. अजून वर. आता खाली. काका, तुमची टोपी घाला हो, उजेड दोन्हीकडून येतोय." माझ्या टकलाने आयुष्यात पहिल्यांदाच कलेची सेवा केली, ती अशी नाकारली गेली.

"अहो," मी म्हटले, "तिथे वाड्याच्या दारात कमान आहे. तिच्या आत दोन पावलं उभी करा तिला. सावली आहे, समोरून आभाळाचा उजेड येतोय. पायही वाचतील."

"काका, नॅचरल लाइट पाहिजे."

म्हणजे सावलीतला उजेड यांच्या मते महापालिकेचा!

इथे थोडे शास्त्र सांगतो. झोप आली तर एक परिच्छेद सोडून द्या. सूर्य स्वतः अवाढव्य असला तरी आपल्याला आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबाने एक ठिपका. ठिपक्यातून आलेल्या उजेडाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. आभाळात ढग आले की तोच उजेड अख्ख्या आभाळभर पसरतो. ठिपक्याची चादर होते आणि सावल्या मऊ पडतात. आपली ओसरी, पडवी, दाराची कमान हेच काम करतात. वरचे ऊन छप्पर अडवते आणि समोरचे आभाळ एका बाजूने चेहऱ्यावर उजेड धरते. सकाळ-संध्याकाळी सूर्य क्षितिजाशी असला की त्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात, निळा भाग वाटेत विखुरतो आणि उरते ते हळदीच्या अंगाचे सोनेरी ऊन. आंब्याखाली मात्र सावध. पानांतून कवडसे पडतात आणि नवरीचा चित्ता होतो. शिवाय पानांची हिरवट झाक अशी पडते की मुलगी आजारी वाटावी. एवढ्या चार गोष्टी कुठलीही आजी सांगेल. निवडायला घेतलेले तांदूळ ती भर उन्हात नेत नाही, अंधारातही नाही. ओसरीच्या कडेला बसते. खडा तिथे दिसतो.

आता मुद्द्यावर येतो. दहा-बारा फोटो झाल्यावर शेठजी आणि फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकी घालून बसले. बराच वेळ 'हं, हं' झाले. शेठजी म्हणाले, "साडीचा रंग उडालाय." खरेच होते. कॅमेऱ्यातले उजेड मोजणारे यंत्र भाबडे असते. सगळे जग मध्यम करड्या रंगाचे आहे अशी त्याची समजूत. मागे काळा दगड दिसला की ते घाबरते आणि गरजेपेक्षा जास्त उजेड आत घेते. फोटोग्राफरने त्याचा कान पिळायचा असतो, तो पिळला नव्हता. जरीचा पांढरा पट्टा झाला होता आणि मोरांचे बदक.

शेठजी तापले. "हे चालणार नाही. गिऱ्हाईक फोटो बघून साडी मागवतं. घरी गेल्यावर रंग वेगळा निघाला तर परत पाठवतं. साडीचा रंग खरा, म्हणजे खराच आला पाहिजे!"

"येईल, शेठ. एडिटिंगमध्ये मूळ रंगावर आणतो."

"आणि मुलीचा चेहरा डल येतोय."

"तोही काढू. चार शेड उजळ करतो. काळजी नको."

वाचकहो, ही दोन वाक्ये एकाच माणसाने, एकाच दमात, एकाच घाटावर उच्चारली. साडीचा रंग खरा पाहिजे आणि मुलीचा खोटा! कारण काय, तर साडी परत येते. साडीच्या बाजूने गिऱ्हाईक भांडते. मुलीच्या रंगाच्या बाजूने कोण भांडणार? सोबत आलेला काका. त्याच्या हातात थर्माकोल.

मी तो खाली ठेवला आणि भांडलो. पुतणी "काका, जाऊ द्या ना" म्हणत होती; पण ती ज्या आवाजात म्हणत होती त्यावरून तिला हे पहिल्यांदा ऐकावे लागत नाही हे स्पष्ट होते. म्हणून मी जाऊ दिले नाही. मी म्हटले, "ती डल नाही. बारा वाजलेत. तुमच्या घड्याळातली चूक तिच्या गालावरून पुसू नका."

हा सगळा दोष मेणवलीच्या घाटावरचा नाही, हेही कबूल करायला हवे. तो थेट कारखान्यातून आला आहे. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने १९५० च्या दशकापासून रंगीत फोटोच्या छपाईसाठी नमुन्याची कार्डे काढली. त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत, कारण पहिल्या कार्डावरची मॉडेल शर्ली नावाची. गोरीपान बाई. तिचा रंग बरोबर उमटला की यंत्र बरोबर. इतरांचा रंग कसा उमटतो याची पंचाईत बराच काळ कुणाला पडली नाही. मग सुधारणा का झाली? कॅनडातल्या लोर्ना रॉथ या अभ्यासक बाईंनी याची हकिगत लिहून ठेवली आहे. फर्निचरवाल्यांनी तक्रार केली की आमच्या लाकडांतला फरक फोटोत दिसत नाही. चॉकलेटवाल्यांनी तक्रार केली की गडद आणि दुधाळ चॉकलेट सारखेच दिसते. तेव्हा कंपनीने गडद तपकिरी छटांकडे नीट लक्ष दिले. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेली कार्डे निघाली ती १९९० च्या दशकात. म्हणजे बघा, तिथेही माणसाच्या आधी कपाट जिंकले. इथे पैठणी जिंकते.

आपल्याकडे तर घरचीच साथ. १९७५ साली बाजारात आलेल्या एका क्रीमने आपल्या नावातच गोरेपणा आणि गोडवा यांचे लग्न लावून दिले होते. २०२० साली कंपनीने ते नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. ट्यूबवरचा शब्द बदलला. फोटोग्राफरच्या संगणकातली ती कळ अजून जुन्याच नावाने चालते.

यावर फोटोग्राफर मंडळींची तीन उत्तरे ठरलेली आहेत. तिन्ही ऐकली आहेत, म्हणून तिन्हींना उत्तर देतो.

पहिले : "सावळ्या रंगाला लाइट जास्त लागतो हो." जास्त लागत नाही, नीट लागतो. सावळ्या त्वचेवर उजेड बाजूने, मोठ्या मऊ खिडकीतून यावा तसा आला की गालाच्या कडेला एक तजेला उमटतो, आणि सगळा आकार त्यातून उभा राहतो. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभे केले, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा उजेड त्यावर टाकून खाली उतरवला, खऱ्या आभाळाचा उतरतो तसा. त्या अंगणातली माणसे कुणी उजळ करून दिलेली नाहीत. आपापल्या रंगाची आहेत आणि म्हणून माणसे आहेत. पांढरे कापड आपल्याकडे दुर्मिळ आहे काय? एक धुतलेले धोतर आणि दोन काठ्या. धोतर नेसणारे कमी झाले, हे त्याचे आणखी एक नुकसान.

दुसरे : "पोज दिली नाही तर माणूस ओंडका दिसतो." पोजेला माझा विरोध नाहीच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी गेली सुमारे दीड हजार वर्षे पोज देऊन उभा आहे. त्रिभंग : मान एकीकडे कललेली, धड दुसरीकडे, कंबर पुन्हा तिसरीकडे, हातात कमळ, नजर खाली. एकाही माणसाने आजवर त्याला 'अवघडलेला' म्हटलेले नाही. का? कारण बाक देहाच्या तोलातून आला आहे. भार एका पायावर गेला की कंबर आपसूक कलते, खांदा तिचा तोल सावरतो, मान खांद्याचा. फोटोग्राफर हेच उलटीकडून करायला जातो, आधी मान पिरगाळतो आणि पायांकडे बघतच नाही. आणि हाताला कमळ द्या हो! कमळ म्हणजे काहीतरी काम. साडीच्या निऱ्या सारख्या करू द्या, बांगडी फिरवू द्या, पाण्यात हात घालू द्या. रिकामा हात फोटोत नेहमी उसना आणल्यासारखा दिसतो. ऊन डोळ्यांवर येत असेल तर "डोळे मोठे करा" म्हणून ओरडू नका. डोळे मिटायला सांगा, तीन अंक मोजा, उघडायला सांगा आणि त्याच क्षणी कळ दाबा. कुणाचाही अपमान न होता काम होते.

आणि ज्याला बाक जमत नाही, त्याला सरळ उभे राहू द्या. पंढरपूरला एक जण विटेवर पाय जुळवून, कमरेवर हात ठेवून, समोर बघत उभा आहे. ना त्रिभंग, ना लांबची नजर, ना झाड. रंग सावळा. त्याच्यासाठी लोक शेकडो मैल चालत जातात. "देवा, हनुवटी जरा वर," असे म्हणण्याची हिंमत अजून कुणाला झालेली नाही. आणि त्याच्याच सावळ्या रूपाच्या नावाने टाळ कुटणारे आम्ही, घरी येऊन मुलीचा फोटो चार शेड उजळ करून स्थळाकडे धाडतो!

तिसरे उत्तर सगळ्यांत पक्के : "लोकांना तेच आवडतं, काका." लोकांना दुसरे दाखवून तर बघा! गिऱ्हाईकही सावळेच आहे. ती बाई पैठणी आपल्या अंगावर कशी दिसेल हे बघायला फोटो उघडते, आणि समोर दिसतो एक चुनकळी लावलेला चेहरा. म्हणजे शेठजींच्याच हिशेबाने सांगायचे तर साडीचा रंग खरा येण्यासाठी ती नेसणारीचा रंगही खरा हवा. जांभळा काठ सावळ्या दंडावर जसा खुलतो, तसा चुन्यावर खुलत नाही. हा सौंदर्याचा नव्हे, निव्वळ धंद्याचा मुद्दा आहे. मेणवलीला नेमका हाच मुद्दा शेठजींना पटला. माणुसकीच्या मुद्द्यांना त्यांनी मान डोलावली होती. या मुद्द्याला त्यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. चार वाजेपर्यंत सगळे सावलीत पडून राहिले. साडेचारनंतर कमानीत आणि मग उतरत्या उन्हात घाटावर काम झाले. दगड निवले होते. पुतणी डौलात उतरली, कुणी न सांगता. छापून आलेल्या फोटोत साडी साडीच्या रंगाची आहे आणि मुलगी मुलीच्या.

तेव्हा माझी मागणी फार नाही. मुलीला वाकवण्याआधी घड्याळाकडे बघा. तिला उजळ करण्याआधी तिला दोन पावले सावलीत घ्या. आणि एवढे करूनही ती सावळी दिसली, तर ती सावळी आहे म्हणून दिसली. त्याला बिघाड म्हणत नाहीत, फोटो म्हणतात.

राहता राहिला सूर्य. त्याच्याइतका जुना लाइटमन या धंद्यात दुसरा नाही. भाडे घेत नाही, ओव्हरटाइम मागत नाही, मिसळीला थांबत नाही. त्याची अट एकच : मी सांगेन त्या वेळेला या. एखादा नट तीन तास उशिरा आला तर त्याची वाट बघत आपण चहावर चहा पितो. मग या गृहस्थासाठी पाचला उठायला काय हरकत आहे?